वाचकांचे प्रश्न : जुना रेंजफाइंडर घेताना काय पाहावे?

रोलच्या कॅमेऱ्यांविषयी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : चालू स्थितीतला जुना रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतल्या प्रतिमा जुळवून अंतर लावायचा कॅमेरा, ओळखायचा कसा? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या सतत बदलतात, आणि कॅमेऱ्याच्या आत काय आहे हे कळल्याशिवाय किमतीवर घासाघीस करण्यात अर्थ नसतो.

प्रश्न (रत्नागिरी) : मुंबईला जाऊन बोरा बाजार आणि चोर बाजार दोन्हीकडे बघायचा विचार आहे. सगळेच विक्रेते ‘वर्किंग कंडिशन’ म्हणतात. दुकानात उभ्या उभ्या काय तपासता येईल?

उत्तर : विक्रेत्याच्या लेखी ‘वर्किंग’ म्हणजे बटण दाबले की टक् असा आवाज येतो, एवढेच. शटर (फिल्मवर उजेड सोडणारी झडप) किती वेळ उघडते, लेन्स आतून स्वच्छ आहे का, रोल पुढे सरकतो का आणि रेंजफाइंडर खरे अंतर दाखवतो का, हे चार निराळे प्रश्न आहेत. खिशात छोटी टॉर्च, मोबाइल, वाया गेलेला एक रोल आणि त्या मॉडेलची बॅटरी ठेवा.

सुरुवात शटरपासून करा, आणि विक्रेत्याने कौतुकाने चार-पाचदा वाजवून दाखवायच्या आत कॅमेरा स्वतःच्या हातात घ्या. कॅनोनेट, यशिका, ऑलिम्पस, मिनोल्टा यांच्या ठरलेल्या लेन्सच्या मॉडेलांत शटर लेन्समध्येच असते, पातळ पात्यांचे. कॅमेरा वर्षानुवर्षे पडून राहिला की फोकसच्या आट्यांतले ग्रीस उष्णतेने सुटून पात्यांवर येते आणि पाती एकमेकांना चिकटतात. काही वेळा मारल्यावर ती तात्पुरती मोकळी होतात, नंतर महिनाभर ठेवला की पुन्हा चिकटतात. म्हणून पहिला ठोका काय सांगतो ते बघायचे.

मागचे झाकण उघडून लेन्स उजेडाकडे धरा. १ सेकंदाचा वेग असेल तर तो कानाने मोजता येतो. पुढच्या वेगांसाठी मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे स्लो मोशन लावा आणि शटर उघडे दिसते त्या चौकटी मोजा : १/१५ ला साधारण १६, १/३० ला ८, १/६० ला ४. १/१२५ च्या पुढे एखाद-दुसऱ्या चौकटीवरच हिशेब येतो, तिथे या मोजणीचा उपयोग नाही. सगळे वेग सारख्याच प्रमाणात मंद असतील तर फारसे बिघडत नाही. एकच वेग तीनदा मारून तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, तर मात्र तो कॅमेरा सर्व्हिसला न्यावाच लागेल.

मग शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते ती खूण) उघडे धरून, ॲपर्चर (लेन्समधले लहान-मोठे होणारे भोक) पूर्ण मोकळे करून, मागून तिरकी टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखी दुधाळ झाक म्हणजे आतला वाफेसारखा थर. तो बहुधा पुसून निघतो. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन भिंगांना जोडणारा डिंक सुटला आहे, आणि तो कॅमेरा सोडून द्यावा. धुळीचे चार कण मनावर घेऊ नका. जुन्या भिंगात ते असायचेच.

वाया गेलेला रोल भरा. वाईंड करताना, म्हणजे रोल पुढे सरकवताना, डावीकडची रिवाइंडची मूठ फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर रोल आत घसरतो आहे. झाकण उघडे ठेवून फिल्मवर एका छिद्रापाशी पेनाने खूण करा आणि एकदा वाईंड करा. खूण बरोबर ८ छिद्रे, म्हणजे ३८ मिलिमीटर सरकायला हवी. कमी सरकली तर फोटो एकमेकांवर चढतात. शेवटी लेन्सच्या पुढची फिल्टरची कडी बोटाने चाचपा. ती चेपलेली असेल तर कॅमेरा कधीतरी तोंडावर पडला आहे, आणि पडलेल्या कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर सहसा जागेवर नसतो.

प्रश्न (गुहागर) : कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ घेतला. मधल्या पिवळ्या ठिपक्यातल्या दोन प्रतिमा व्यवस्थित जुळतात, तरी जवळचे फोटो धूसर येतात. असे कसे?

उत्तर : रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा एकावर एक आणायच्या, आणि लेन्सला जोडलेला दांडा त्या जुळण्याला अंतराशी बांधतो. प्रतिमा जुळतात हे खरे, पण लेन्स त्याच अंतरावर आहे याची हमी त्यातून मिळत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना त्यासाठी समुद्र फुकट मिळाला आहे.

पहिली, उभी चूक. पुळणीवर उभे राहून कॅमेरा आडवा, सरळ धरा आणि ठिपका क्षितिजावर ठेवा. पाण्याची रेघ ठिपक्याच्या आत तुटून वर किंवा खाली सरकलेली दिसली, तर प्रतिमा उभ्या दिशेने हललेल्या आहेत. सकाळचे स्वच्छ ऊन निवडा. दुपारच्या धुरकट हवेत रेघच नीट दिसत नाही.

दुसरी, अनंत अंतर. त्यासाठी उभी कड लागते : किलोमीटरभर तरी लांबची डोलकाठी, खाडीपलीकडचा माड किंवा दीपगृह. अंजनवेलचे दीपगृह लांबून दिसेल अशा जागी गेलात तर उत्तम. लेन्स अनंताच्या खुणेपर्यंत फिरवा. ती अडते तेव्हा प्रतिमा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. आधीच जुळून पुढे सरकल्या किंवा जुळायच्या राहून गेल्या, तर जुळवणी चुकली आहे.

तिसरी, जवळचे अंतर, आणि तुमची तक्रार बहुधा इथलीच. मोजायच्या टेपने मोजून फिल्मच्या पातळीपासून बरोबर १ मीटरवर वर्तमानपत्र लावा, ठिपका जुळवा आणि लेन्सवरचा आकडा वाचा. मग शटर ‘बी’वर ठेवून केबल रिलीजने (बटणात बसवायच्या तारेने) अडकवा, ॲपर्चर एफ १.७, म्हणजे पूर्ण मोकळे ठेवा, झाकण उघडून फिल्म जिथे बसते त्या आतल्या दोन रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा आणि त्यावरची प्रतिमा वाचायच्या भिंगातून बघा. कागदावर अक्षरे धारदार दिसतात त्या वेळी ठिपक्यातही प्रतिमा जुळलेल्या हव्यात. १ मीटरवर एफ १.७ ला सगळी मिळून फोकसची खोली जेमतेम ५-६ सेंटिमीटर असते. त्यामुळे जरासा फरकही फोटोत उतरतो, आणि हाच कॅमेरा एफ ८ ला तासभर वापरला तर काही बिघडले आहे असे वाटतही नाही.

अनंत बरोबर पण जवळचे चूक, असे असेल तर लेन्स कधीतरी उघडून परत बसवताना आटा चुकला असण्याची शक्यता मोठी. ते काम कारागिराचे आहे. ठिपका नुसताच फिका असेल तर मात्र घरचा उपाय आहे : पुढच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध, ठिपक्याच्या मापाची काळ्या टेपची चिकटी लावा. भोवतालचा उजेड तिथे कमी होतो आणि ठिपका उठून दिसतो. खिडकीच्या आतली अर्धपारदर्शक काच मात्र कधीही ओल्या बोळ्याने पुसू नका. तिच्यावरचा लेप पुसण्याबरोबर निघून येतो आणि ठिपका कायमचा जातो.

जाता जाता : कॅनोनेट ‘ए’वर (ॲपर्चर कॅमेऱ्यानेच ठरवायच्या खुणेवर) असताना उजेड आवाक्याबाहेर गेला की बटण दबतच नाही. तो बिघाड नाही. ॲपर्चरची कडी ‘ए’वरून काढली की शटर चालते.

प्रश्न (अलिबाग) : यशिका इलेक्ट्रो ३५ सगळीकडे दिसतो आणि स्वस्तही वाटतो. घ्यावा का?

उत्तर : घ्यावा, पण बॅटरी घालून बघितल्याशिवाय नाही. १९६६ पासून हे घराणे सुरू झाले. जीएसएन हे मॉडेल १९७३ चे. ४५ मिलिमीटर एफ १.७ ची लेन्स खरोखर चांगली आहे. अडचण अशी की वेग कॅमेराच ठरवतो. बॅटरी नसेल तर शटर प्रत्येक वेळी १/५०० ने उडते, आणि विक्रेता नेमका तोच ठोका ‘वर्किंग’ म्हणून ऐकवतो.

मूळ ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ४एलआर४४ ही ६ व्होल्टची बॅटरी अडॅप्टर किंवा स्प्रिंग लावून चालते, आणि व्होल्टचा हा फरक फोटोत जाणवत नाही. चाचणीचे बटण दाबल्यावर दिवा लागला पाहिजे. मग ॲपर्चर एफ १.७ करून उन्हाकडे धरा आणि बटण अर्धे दाबा : लाल दिवा, म्हणजे उजेड जास्त. ॲपर्चर एफ १६ करून टेबलाखाली धरा : पिवळा दिवा, म्हणजे वेग मंद. त्याच अंधारात बटण पूर्ण दाबले तर शटर कित्येक सेकंद उघडे राहायला हवे. लगेच मिटले तर वीज सर्किटपर्यंत पोचत नाही. बॅटरीच्या कप्प्यातला हिरवा कळंक आणि तिथून निघणारी, कळकून तुटलेली तार हे त्याचे नेहमीचे कारण. किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्यांत तर फारच. तार नव्याने डाख देऊन जोडता येते.

दुसरा आजार आवाजावरून कळतो. वाईंड करताना आतून ‘ठक्’ असा जड आवाज आला पाहिजे. आतला रबराचा छोटा तुकडा कालांतराने कुजतो, तो ठोका नाहीसा होतो, आणि मग दिवे एक सांगतात आणि शटर दुसरेच करते. दुरुस्तीला कॅमेरा बराच उघडावा लागतो. ठक् ऐकू न येणारा इलेक्ट्रो अगदी कवडीमोलाने मिळत असेल तरच घ्या.

नावाला फसू नका. इलेक्ट्रो ३५ एमसीमध्ये रेंजफाइंडर नाही. तिथे अंतर अंदाजाने लावायचे असते. ऑलिम्पस ट्रिप ३५ चेही तसेच.

प्रश्न (मालवण) : एकाने ‘जुना जर्मन लायका’ म्हणून सोनेरी कॅमेरा दाखवला. दुसऱ्याकडे झोर्की ४ आहे. कोणता घेऊ?

उत्तर : सोनेरी असेल, वर गरुड किंवा जुन्या फौजेची चिन्हे असतील, तर तो बहुतेक सोव्हिएत फेड किंवा झोर्कीवर नवी नावे कोरून केलेला आहे. लेन्स काढून आत वरच्या बाजूला बघा. रेंजफाइंडरला ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकाला लायकामध्ये गोल चाक असते; फेड आणि झोर्कीत चपटी जीभ. एका नजरेत निकाल लागतो.

झोर्की ४ हा मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचा, १९५६ ते १९७३ या काळातला. ज्युपिटर ८ ही ५० मिलिमीटर एफ २ ची लेन्स त्यावर असेल तर सौदा वाईट नाही. एक नियम मात्र पाठच करा : वेग बदलायचा तो वाईंड केल्यानंतरच. आधी चकती फिरवली तर आतली खीळ चुकीच्या जागी बसते आणि यंत्रणा मोडू शकते. विक्रेता तुमच्यासमोर वाईंड न करताच चकती गरागरा फिरवताना दिसला, तर आधीच्या मालकांनीही तेच केले असणार असे धरून चला.

इथे शटर कापडाचे, फिल्मच्या पुढ्यातच. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून समोरून टॉर्च मारा आणि मागून बघा, एकदा वाईंड केलेले आणि एकदा न केलेले, म्हणजे दोन्ही पडदे तपासले जातात. चांदणीसारखे ठिपके दिसले तर ती भोके आहेत. लेन्स अनंतावर ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला तर लेन्स भिंगासारखी ऊन एकवटते आणि कापड जाळते. होडीत गळ्यात कॅमेरा लटकवून बसणाऱ्यांनी टोपण लावलेच पाहिजे. बारीक भोक लवचीक काळ्या रंगाच्या एका ठिपक्याने बुजते. कापड ताठ आणि चिरलेले असेल तर पडदाच बदलावा लागतो. १/१००० ला फोटोची एक बाजू काळी येत असेल तर दोन पडद्यांची गती सारखी राहिलेली नाही. ते सर्व्हिसमध्ये सुधारते.

प्रश्न (दापोली) : ६२५ नंबरची पाऱ्याची बॅटरी कुठेच मिळत नाही. ऑलिम्पस ३५ आरसी त्यावाचून पडून आहे.

उत्तर : पडून ठेवायचे कारण नाही. आरसी आणि कॅनोनेट हाताने वेग व ॲपर्चर लावून बॅटरीशिवाय चालतात. फक्त उजेड मोजणारे मीटर चालत नाही.

मीटर हवाच असेल तर श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी घ्या. तिचा दाब साधारण १.४ व्होल्ट, म्हणजे मूळच्या १.३५ च्या अगदी जवळ. ती ११.६ मिलिमीटर रुंद आहे आणि कप्पा जवळपास १६ मिलिमीटरचा, म्हणून भोवती रबरी ओ-रिंग बसवा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या. स्टिकर काढला की ती वापरा अथवा न वापरा, महिना-दोन महिन्यांत संपते. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून पाझरू शकते, तेव्हा काम झाले की काढून ठेवा.

अल्कलाइन ६२५ घातली तर दाब दीड व्होल्टपासून सुरू होऊन घसरत जातो. नव्या बॅटरीवर मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतो. पडताळा असा : निरभ्र दुपारी, २०० (आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता) च्या फिल्मसाठी, उन्हातल्या हिरवळीकडे रोखल्यावर १/२५० ला एफ १६ च्या आसपास उत्तर यायला हवे. एफ २२ च्याही पुढे जात असेल तर फिल्मचा आकडा २०० ऐवजी १०० लावा. पुळणीकडे किंवा पाण्याकडे रोखून हा पडताळा घेऊ नका. तिथल्या लखलखाटाने चांगले मीटरही फसते.

प्रश्न (वेंगुर्ले) : पसंत पडलेल्या कॅमेऱ्यात कडेला बुरशीचे दोन धागे आहेत. ‘फोटोवर काही दिसत नाही’ असे विक्रेता म्हणतो. शिवाय घरी आणल्यावर आपल्या पावसात कॅमेरा ठेवायचा कुठे?

उत्तर : विक्रेता खोटे बोलत नाही. कडेचे दोन धागे सूर्य समोर असल्याशिवाय दिसणार नाहीत. पण ती बुरशी कोरड्या शहरातून निघून वेंगुर्ल्याला येणार आहे. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर राहिली की ती वाढते, आणि जुलैत किनाऱ्यावर ८०-९० टक्के ही रोजची गोष्ट. बुरशीतून निघणारे आम्ल भिंगावरचा लेप खाते. मग बुरशी पुसली तरी तिचा नकाशा काचेवर राहतो. भिंगाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर कारागीर साफ करू शकतो, तेव्हा तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्या. डिंकाने जोडलेल्या दोन भिंगांच्या मध्ये असेल तर घेऊ नका.

आणल्याबरोबर मूळची चामड्याची पेटी वेगळी करा. कितीही देखणी असो, ती सादळते आणि ओल धरून ठेवते. घरातल्या चपला-पट्ट्यांवर बुरा चढतो तोच तिच्यावरही. कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. ५ लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहू द्या. ३० च्या खाली नेण्यात फायदा नाही. निळे जेल गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या कढईत निळे होईपर्यंत परता. ती कढई पुन्हा स्वयंपाकात आणू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याची सूचना तीन पत्रांत आली आहे. तांदळाची भुकटी फोकसच्या आट्यांत जाते. भात शिजवण्यापलीकडे तांदळाचा इथे उपयोग नाही.

झाकणाच्या कडेचे काळे फोम हात लावताच डांबरासारखे चिकटत असेल तर त्यासाठी कॅमेरा नाकारू नका. ते घरी बदलता येते. नारळाच्या हिराचे टोक चपटे करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुना चिकटा खरवडा. त्याआधी शटरवर कागद झाकून घ्या, कारण पात्यांवर गेलेला काळा कण परत काढणे अवघड. अरुंद खाचेत काळी लोकर दाबून बसवा आणि बिजागरीच्या बाजूला २ मिलिमीटर जाडीचा फोम लावा.

प्रश्न (चिपळूण) : आजोबांचा अगफा क्लिक ३ आहे. हा रेंजफाइंडर का?

उत्तर : नाही. त्यात १२० चा रोल लागतो, १२ चौकोनी फोटो येतात आणि अंतर जुळवायची सोयच नाही. रोल अजून मिळतात, चालवून बघा.

प्रश्न (देवगड) : कॅमेरा घेतला. पहिला रोल कसा वापरावा म्हणजे दोष कळतील?

उत्तर : वही घ्या आणि प्रत्येक फोटोचा वेग, ॲपर्चर, अंतर लिहा. पहिले चार फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरवर : १ मीटर, २ मीटर, ५ मीटर आणि अनंत. जवळच्या दोन फोटोंसाठी गडग्याच्या कडेने तिरके उभे राहून एका ठरावीक चिऱ्यावर ठिपका जुळवा. फोटोत अलीकडचा चिरा धारदार आला की पलीकडचा, यावरून चूक कोणत्या दिशेला आहे ते कळते. पुढचे पाच-सहा फोटो एकाच उजेडात, दरवेळी वेग एक पायरी वाढवून आणि ॲपर्चर एक पायरी उघडून घ्या. निगेटिव्हवर सगळे सारखेच गडद आले पाहिजेत. मग टोपण लावून कॅमेरा दोन मिनिटे भर उन्हात, झाकणाची बाजू सूर्याकडे करून ठेवा आणि दोन फोटो घ्या. त्याआधी टोपण काढायला विसरू नका. व्ह्यूफाइंडरमधून सगळे नेहमीसारखेच दिसते आणि इलेक्ट्रोचा उजेड मोजणारा डोळा अंगावर असल्यामुळे तोही काही सांगत नाही.

डेव्हलप करणाऱ्याला निगेटिव्ह परत द्यायला आणि पट्ट्या न कापायला आधीच सांगा. उजेडाचा डाग चौकटीबाहेर छिद्रांपर्यंत गेला असेल तर दोष झाकणाच्या फोममध्ये; डाग चौकटीच्या आतच थांबत असेल तर शटरच्या पडद्यात किंवा लेन्सच्या बैठकीत. ही पट्टी आणि वही दोन्ही घेऊन कारागिराकडे जा. नुसते ‘फोटो नीट येत नाहीत’ म्हटले तर तो सगळा कॅमेरा उघडेल आणि पैसेही तेवढेच घेईल.